शत्रू आला रे आला: युद्धभयाचं व्यंगचित्र वाचावं कसं, काढावं कसं

मी ब्लॉकमेकर होतो. ऑफसेट घरोघरी पोचण्याआधी वर्तमानपत्रात चित्र छापायचं तर आधी त्याचा जस्ताचा ब्लॉक करावा लागे. तो करणारा माणूस मी. ठाण्याहून सकाळची लोकल पकडून गिरगावात जायचो आणि दिवसभर पुढाऱ्यांची नाकं ॲसिडमध्ये बुडवायचो. आता आमच्या पाचपाखाडीच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी काही मंडळी जमतात, त्यांना व्यंगचित्रं वाचायला आणि काढायला शिकवतो. तिथे बोलतो तेच इथे लिहून काढलंय.

विषय एकच धरला आहे. परकं सैन्य दारात येऊन ठेपणार अशी हवा असताना आपल्याच देशातल्या जहाल पुढाऱ्यांची टर उडवणारं चित्र. या प्रकाराची एक खोड आहे, ती कळली की बाकी सगळं सोपं जातं. इथे शत्रू नावापुरता असतो, गिऱ्हाईक केलेला असतो घरचा माणूस. आणि चित्रात जे घडताना दिसतं ते घडलेलं नसतंच. उद्याची गोष्ट काल झाल्यासारखी रंगवलेली असते.

शिकायला इंग्लंडचा अठराव्या शतकातला व्यंगचित्रकार जेम्स गिलरे याच्याइतका चांगला मास्तर नाही. त्याचं ‘प्रॉमिस्ड हॉरर्स ऑफ द फ्रेंच इन्व्हेजन’ हे चित्र शोधा. फ्रेंच स्वारीत काय काय वाढून ठेवलंय त्याचा हा तपशीलवार मेनूच आहे. ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर ते मोठं करून बघता येतं. मात्र मोबाइलवर अंगठ्याने सरकवत बघू नका. पेनड्राइव्हवर घ्या, स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून ए-थ्री कागदावर काळी-पांढरी प्रिंट काढा. रंगीत नको. तांब्याच्या पत्र्यावरून छपाई काळीच व्हायची, रंग नंतर हाताने भरत. रंग आधी पाहिले की नजर आगीकडे आणि रक्ताकडे धावते आणि रेषा राहून जाते.

प्रिंट हातात आली की चित्राखालची तारीख वाचा. इंग्लंडमध्ये १७३५ च्या कायद्याने अशा छापील चित्रावर मालकाचं नाव आणि प्रसिद्धीची तारीख घालणं भाग होतं, नाहीतर हक्क जायचा. त्यामुळे आपल्याला नेमका दिवस मिळतो: २० ऑक्टोबर १७९६, प्रकाशक हॅना हम्फ्री. आता एका कागदाला मधोमध घडी घाला. डावीकडे त्या दिवसापर्यंत खरोखर काय झालं होतं ते लिहा, उजवीकडे चित्रात काय चाललंय ते.

उजवी बाजू भराभर भरते. लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरून फ्रेंच फौज चालत येतेय, मागे राजवाडा पेटलाय, पंतप्रधान पिटला खांबाला बांधून विरोधकांचा पुढारी चार्ल्स जेम्स फॉक्स फोकांनी झोडपतोय, क्लबच्या सज्जात गिलोटिन उभं आहे. डावी बाजू कोरी. त्या दिवशी इंग्लंडच्या भूमीवर एकही फ्रेंच शिपाई उतरलेला नव्हता. फ्रेंच आरमार सुमारे १५ हजार सैनिक घेऊन आयर्लंडच्या बँट्री उपसागरात आलं ते डिसेंबरमध्ये, आणि वादळाने त्यांना किनाऱ्याला लागूच दिलं नाही. फेब्रुवारी १७९७ मध्ये वेल्समध्ये फिशगार्डजवळ चौदाशेच्या आसपास लोक उतरले, त्यांनी दोन-तीन दिवसांत शस्त्रं खाली ठेवली. म्हणजे भीती पोकळ नव्हती. पण चित्र भीतीच्या आधी धावलं होतं.

पुढची पायरी जागेची. गिलरेने लढाई समुद्रकिनाऱ्यावर दाखवलेली नाही. ज्या रस्त्यावर त्याची चित्रं विकत घेणारी बडी मंडळी रोज संध्याकाळी उतरायची, तिथे त्याने ती आणली. त्या रस्त्यावर सरकारपक्षाच्या लोकांचा व्हाइट्स क्लब आणि विरोधकांचा ब्रुक्स क्लब. व्हाइट्सवर हल्ला चालू आहे आणि ब्रुक्सच्या सज्जात पाहुण्यांची सोय. गिऱ्हाइकाला आपली खिडकी चित्रात सापडली की बाकीचं पटवून द्यावं लागत नाही.

मग माणसं ओळखा, आणि चेहऱ्यांच्या फंदात न पडता आकारांवरून ओळखा. फॉक्स म्हणजे जाडजूड देह, दाट काळ्या भुवया, दाढीचे खुंट. पिट म्हणजे उभी काडी आणि टोकदार नाक. फॉक्सचा साथीदार, नाटककार शेरिडन याचं नाक दारूने लाल. फ्रेंच क्रांतीचा कट्टर विरोधक लेखक बर्क म्हणजे चष्मा. हे चार ठसे पाठ झाले की गिलरेची निम्मी चित्रं आपोआप उलगडतात. एक सूचना आमच्या धंद्यातली: डावं-उजवं यावरून अर्थ काढायला जाऊ नका. पत्र्यावर मेण चढवून सुईने ओरखडे काढायचे, ॲसिडने ते खोल करायचे, त्यात शाई भरून ओल्या कागदावर दाबायचं. म्हणजे छाप उलटा येणार. अक्षरं उलटी लिहिण्याची काळजी तो घ्यायचा, पण कोण कुठल्या हाताने मारतोय याची दर वेळी घेतली असेलच असं नाही.

आता खरी मेख. कोणाच्या शेजारी कोणाला बसवलंय ते बघा. चित्रात बर्कला एक बैल शिंगांवर उडवतोय. तो बैल म्हणजे बेडफर्डचा ड्यूक. त्याच्यावर बर्कने त्याच वर्षी सडकून लिहिलं होतं. बैलाला चिथावणारा आहे जॉन थेलवॉल. हा थेलवॉल खराखुरा जहाल वक्ता, १७९४ च्या राजद्रोहाच्या खटल्यातून निर्दोष सुटलेला. फॉक्स मात्र पार्लमेंटमधला जुना मुत्सद्दी. युद्ध नको, तह करा, सभाबंदीचे कायदे मागे घ्या एवढं म्हणणारा. ड्यूक, वक्ता आणि मुत्सद्दी या तिघांना गिलरेने एका माळेत ओवलं, आणि माळेचं टोक दिलं फ्रेंच शिपायाच्या हातात. युद्धकाळातल्या चित्राची नव्वद टक्के करामत या ओवण्यात असते. म्हणून प्रत्येक चित्रात बोट ठेवून विचारायचं: या दोघांची गाठ चित्राबाहेर पडली होती का?

आमच्या वर्गात इंजिनिअरिंगला शिकणारी एक मुलगी येते. तिने सरळ विचारलं, “काका, पण हा फॉक्स खरंच फितूर होता का?”

मी म्हटलं, “नव्हता गं. पण चित्र बघताना तुला तसं वाटलं की नाही?”

“वाटलं.”

“मग गिलरेचे पैसे वसूल.”

तिला मग मी १९७१ चा डिसेंबर सांगितला. ब्लॅकआउट होता. खारकर आळीत आमच्या चाळीत खिडक्यांच्या काचांना काळे कागद डकवलेले, मोटारींच्या दिव्यांवर अर्धा काळा रंग, आणि सायरन वाजला की आई स्टोव्हसुद्धा विझवायची. आमच्या वरच्या मजल्यावर एक लाल बावट्याचे कामगार पुढारी राहत. बिचारे रात्री गच्चीवर जाऊन विडी ओढायचे, कारण बायकोला वास खपत नसे. दोन रात्रींत चाळभर कंडी पिकली की ते विडीने विमानांना खुणा करतात! एवढ्या उंचीवरून विडीचं टोक दिसेल का, हा प्रश्न कोणाला पडला नाही. व्यंगचित्रकाराला अशी चाळ मिळणं म्हणजे पर्वणी. काढणार काय, ते त्याचं त्याने ठरवायचं: विडीने विमान उतरवणारा लाल बावटेवाला, की गादीखाली तोंड खुपसून “विडी! विडी!” ओरडणारी चाळ. माझं मत विचाराल तर दुसरं चित्र जास्त हसवेल आणि जास्त दिवस टिकेल.

असो. चित्राचं पूर्ण शीर्षक शेवटी वाचा, आधी नाही. पुढचा भाग असा आहे: ‘अर्थात राजाचा खून करणाऱ्यांशी तह करण्याची जबरदस्त कारणं’. खून करणारे म्हणजे फ्रेंच क्रांतिकारक. इथे थांबा आणि तारखेकडे परत जा. त्याच ऑक्टोबरमध्ये तहाची बोलणी करायला लॉर्ड माम्सबरीला पॅरिसला कोणी धाडलं होतं? फॉक्सने नाही, पिटच्याच सरकारने. आणि असा तह म्हणजे आत्मघात, असं बजावणारी बर्कची पत्रं त्याच महिन्यात छापून आली होती. म्हणजे फोक फॉक्सच्या हातात दिसले तरी एक वळ सरकारच्याही पाठीवर उठतो. इतकी दुधारी चीज एका पत्र्यावर बसवणं सोपं नाही. मी आयुष्यभर चित्रांचे ब्लॉक केले, पण असं चित्र टेबलावर क्वचित आलं.

तर पैसा कोणाचा, हेही विचारा. याच चित्रात व्हाइट्सच्या बाहेर दिव्याच्या खांबाला लटकवलेल्यांत जॉर्ज कॅनिंग नावाचा तरुण पुढारी आहे. आपण गिलरेच्या चित्रात यावं म्हणून हा गडी कधीचा वशिले लावत होता! आला एकदाचा, फासावर. पुढे १७९७ मध्ये कॅनिंगच्याच मध्यस्थीने गिलरेला सरकारपक्षाकडून वर्षाला २०० पौंडांचं पेन्शन चालू झालं. तेव्हा १७९७ च्या अलीकडची आणि पलीकडची चित्रं वेगवेगळ्या ढिगात ठेवून वाचावीत.

फर्माईशी काम कसं पडतं तेही बघून ठेवा. १७९८ मध्ये सर जॉन डॅलरिंपल या गृहस्थांनी फ्रेंच जिंकले तर काय होईल याची वीस चित्रांची मालिका मागवली. निघाली चार. त्यातल्या एकात फाटके इंग्रज लसणाच्या शेतात कुदळी मारताहेत आणि फ्रेंच माणूस आसूड घेऊन त्यांच्यावर उभा आहे. कारागिरी चोख, पण हसू येत नाही. पत्रक वाचल्यासारखं वाटतं. उलट जानेवारी १७९७ चं आयर्लंडच्या वादळावरचं चित्र घ्या. ढगांतून पिट आणि त्याचे तीन मंत्री गाल फुगवून वारा सोडताहेत, फ्रेंच जहाजं बुडताहेत, आणि एका जहाजाच्या नाळेवर कोरलेला पुतळा कोण, तर फॉक्स! एक कल्पना, एक फटका, विषय संपला.

वाचन झालं, आता काढायचं. सरावाला हयात पुढारी घेऊ नका. भीतीने म्हणत नाही (थोडी भीती असूही द्या). हयात माणसावर काढताना आपला राग हात हलवतो आणि रेषा बिघडते. ठाणेकरांना विषय शोधायला लांब जायला नको. रघुनाथराव ऊर्फ राघोबादादा आहेत की. १७७४ च्या अखेरीस, पोर्तुगीज आरमार साष्टी, म्हणजे ठाणे ज्यावर आहे ते बेट, परत घ्यायला येतंय अशी खबर मुंबईत पोचली, आणि त्यांच्या आधी आपणच घेऊ म्हणून इंग्रजांनी डिसेंबरात ठाण्याचा किल्ला तोफा लावून जिंकला. तोच किल्ला, जिथे आज मध्यवर्ती कारागृह आहे. मग मार्च १७७५ मध्ये सुरतेच्या तहात राघोबादादांनी पेशवाईच्या बदल्यात साष्टी आणि वसई इंग्रजांना लिहून दिली. फॉक्सने न केलेली गोष्ट दादांनी सहीनिशी केली.

पहिल्यांदा आरोप एका वाक्यात लिहा. “दादांनी घरचं ताट पाहुण्यापुढे सरकवलं.” शेजारी पुरावा लिहा: तह, सही, तारीख. पुराव्याच्या जागी “लोक म्हणतात” एवढंच उरलं तर त्या लोकांचंच चित्र काढा, वर सांगितलेल्या चाळीसारखं. पुरावा असेल तर पुढे चला.

मग जागा. किल्ल्याचा दरवाजा, हातात किल्ल्यांचा जुडगा, हे पहिल्यांदा सुचेल. ते सोडून द्या, सगळ्यांना तेच सुचतं. आनंदीबाईंना दौत-टाक घेऊन मागे उभं करण्याचा मोहही आवरा, तो विनोद नाटकवाल्यांनी केव्हाच चोथा करून टाकलाय. आमच्या वर्गात बरीच खटपट करून जे उतरलं ते सांगतो. मासुंदा तलावाचा काठ, मागे कोपिनेश्वराचं शिखर. देऊळ १७६० मधलं, तेव्हा काळाची चूक होत नाही. काठावर केळीच्या पानांची पंगत. पानांवर लाल डगलेवाले इंग्रज. राघोबादादा सोवळं नेसून, उपरणं कमरेला खोचून वाढायला उभे, आणि आग्रह करताहेत: “आणखी थोडी वसई?”

इथे एका माणसावर वेळ घालवा. पाटावर मांडी घालायचा प्रयत्न करणारा इंग्रज अंमलदार. त्याची ती तंग विजार गुडघ्यात वाकत नाही. एक गुडघा हनुवटीला लागलाय, दुसरा पाय सरळ पुढे जाऊन शेजाऱ्याच्या पानात बूट, मागची शिवण उसवतेय, एक बटण उडून कढीत. त्याची तलवार आडवी आल्यामुळे वाढप्याला ओलांडून जावं लागतंय. हे सगळं पेन्सिलीने पुन्हा पुन्हा काढा, स्वतः जमिनीवर बसून बघा. आमच्या वर्गातल्या एका गृहस्थांनी घट्ट जीन्स घालून प्रात्यक्षिक दिलं, ते उठवेपर्यंत तास संपला.

आणि ठाणे? ते वाढायचं नाही. ते इंग्रजांनी दादांच्या सहीच्या आधीच तोफेने घेतलेलं. म्हणून एका कोपऱ्यातल्या पाहुण्याचा गाल फुगलेला दाखवा, ओठातून बुरुजाचं टोक बाहेर. यजमानाने वाढायच्या आधीच त्याने हात मारलाय. इतिहास नीट पाहिला म्हणून हा विनोद हाती लागला. ढोबळमानाने “दादांनी ठाणे दिलं” म्हटलं असतं तर तो सुटला असता. भीतीचा कोपराही सोडू नका: तलावात लांब एक पोर्तुगीज तारू, त्यावरचा माणूस दुर्बिणीतून रिकामं पान शोधतोय. तलावात तारू कसं आलं असं कोणी विचारलं तर खाडीकडे बोट दाखवा.

दादांचा चेहरा लोकांना फॉक्ससारखा ओळखीचा नाही. तेव्हा दोन खुणा ठरवा, पगडीचा कल आणि नाकाचा बाक म्हणा, आणि शेवटपर्यंत त्याच ठेवा. छातीवर नावाची पाटी लटकवू नका. पानांवर ‘साष्टी’, ‘वसई’ एवढी अक्षरं पुरेत.

शाईचं बघू. साधा कार्ट्रिज कागद, बोरू किंवा बारीक निब, काळी वॉटरप्रूफ शाई. छापायच्या मापाच्या दीडपट काढा. आमच्याकडे चित्रकार तसंच द्यायचे. कॅमेऱ्याने लहान केलं की रेषेचा थरथराट आवळला जाई. पण दोन रेषांमधली फटही आवळली जाते, हे नवखे विसरतात. जस्ताच्या ब्लॉकवर आमची रेषा उंच आणि बाकीचा पत्रा ॲसिडने खाल्लेला, गिलरेच्या बरोबर उलट. ॲसिड रेषेच्या बुडाशी शिरून तिला पोखरू नये म्हणून ड्रॅगन ब्लड नावाची लाल राळेची भुकटी ब्रशने आधी एका अंगाने लावायची, पत्रा तापवून ती वितळवायची, मग दुसऱ्या अंगाने, असं चारही बाजूंनी. तेव्हा कुठे पुढचं ॲसिड. दाट जाळी काढणाऱ्या चित्रकाराला आम्ही मनातल्या मनात शिव्या घालायचो, कारण त्या फटींत भुकटी नीट बसत नसे आणि छापताना तिथे शाईचा गिचका. आता ॲसिड गेलं तरी गिचका गेलेला नाही. व्हॉट्सॲपवर चित्र चिमटीएवढं दिसतं आणि ती जाळी तशीच बुजते. तेव्हा सावलीच्या रेषा मोजक्या आणि एकाच दिशेच्या. पुढची माणसं जाड रेषेत, मधली मध्यम, शिखर आणि तारू अगदी हलकं.

अक्षरं आधी, माणसं नंतर. फुगा शेवटी घुसवायला गेलात की वसईचा दीर्घ ई कोणाच्या तरी कानात जातो. गिलरेच्या फुग्यांची लांबी मात्र घेऊ नका. त्याची गिऱ्हाइकं दुकानाच्या खिडकीशी उभं राहून वाचायची, आपली लोकलच्या दारात लटकून वाचतात. आणि हे असले उद्योग ठाण्याला नवे नाहीत. एकोणिसाव्या शतकात ‘हिंदू पंच’ नावाचं विनोदी पत्र इथूनच निघायचं.

झालेलं चित्र स्कॅन करून टपालाच्या तिकिटाएवढं छापा. पंगत आहे आणि कोणीतरी वाढतंय, एवढं त्या मापात कळलं पाहिजे. नाही कळलं तर मधल्या पाहुण्यांपैकी दोघे-तिघे खोडा. मग ज्याला राघोबादादांचा पुळका आहे अशा माणसाला दाखवा. ठाण्यात असे निघतात, अटकेपार झेंड्याचा विषय काढा की सापडतील. त्याला दोनच गोष्टी विचारा: हा कोण, आणि काय करतोय? तो चिडून “पण दादांची बाजू ऐका” म्हणाला तर चित्र तयार आहे. “हे खोटंय” म्हणाला तर घडी घातलेला कागद उघडून डावी बाजू पुन्हा तपासा. आणि “हा कोण ते कळलं नाही” म्हणाला तर पगडीचा कल वाढवा.